लाल बावट्याचे शाहीर खरंच थोर होते का?

आमच्या बीडच्या कट्ट्यावर निवृत्त मास्तरांचे वाद कशावरूनही पेटतात. परवाचा विषय होता लाल बावटा कलापथक. आमचे गणिताचे मास्तर म्हणाले, "गाजले होते हे मान्य. पण थोर? अहो, तो सगळा पक्षाचा प्रचार! सभा संपली की गाणे संपले." यावर दुसऱ्या एकाला एवढा राग आला की त्याचा चहा तसाच निवला. मी तिथे फारसे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

नातवंडांच्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी हे पथक उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. बार्शी आम्हाला तशी जवळच, पण तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या सभांतून हे लोक पवाडे गायचे, तमाशे करायचे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदीही घातली. मी या तिघांना एकत्र ऐकलेले नाही. वयच नव्हते.

आता गणिताच्या मास्तरांचे म्हणणे. ते अर्धे बरोबर आहे, हे आधी मान्य करून टाकतो. स्टालिनग्राडचा पवाडा आज वाचला तर त्यात धग दिसते, पण ती त्या काळाची. वगनाट्यांतले काही सावकार आणि पुढारी तर गळ्यात पाटी अडकवून उभे केल्यासारखे वाटतात. भक्तमंडळींना हे ऐकवत नाही. बंदी आली म्हणजे कला मोठी, असे काही नसते.

पण तमाशाची सुरुवातच बदलणे ही साधी गोष्ट नव्हती. गणात गणपतीला वंदन करायचे, हा रिवाज. अण्णाभाऊंनी ते वंदन मायभूमीला केले, गवळणीला रजा दिली, आणि तरी पब्लिक उठून गेले नाही! तमाशाचे पब्लिक किती कडक असते, हे आमच्याकडच्या जत्रा पाहिलेल्यांना सांगायला नको.

आणि 'माझी मैना'. माझ्या मते सगळा निकाल या एका छक्कडीवर लावावा. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. ऐकणाऱ्याला वाटते, चला, शृंगाराची लावणी आहे. तिचे रूप, निरोप, दागिन्यांचे कबूल करणे, मुंबईचा झगमगाट, सगळे ओळीने येते. मग गाणे हळूच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरते, आणि शेवटी गड्याची आणि मैनेची जी ताटातूट, तीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची होऊन जाते. विरहाचा नकाशा केला या माणसाने. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तरी हे गाणे जुने झाले नाही. ही चारही गावे-मुलूख बाहेरच राहिले. प्रचाराचे गाणे मागणी मान्य झाली की मरते, नाहीतर मागणी फसली की मरते. हे दोन्हीतून वाचले.

आमच्या जिल्ह्यात तर त्याला वेगळाच अर्थ चिकटतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. इथे मैना गावी राहत नाही, तीही जाते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि कधी कधी पोरे. मी शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना नावामागून नाव जायचे आणि 'हजर' ऐकू यायचे नाही. एकदा आठवीच्या वर्गात हे गाणे समजावून सांगत होतो, तर एक मुलगी म्हणाली, "सर, मग मैनेला पोरं नव्हती का?" मराठी समीक्षेत हा प्रश्न मी तरी कुठे वाचलेला नाही.

राहिला प्रश्न तिघांत मोठा कोण. शब्द अण्णाभाऊंचे, पण ते हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोचवायला अमर शेखांचा गळा लागला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. अण्णाभाऊंनी 'फकिरा' लिहिली, अमर शेखांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह आले. दोघेही १९६९ सालीच गेले. अण्णाभाऊ १८ जुलैला, अमर शेख २९ ऑगस्टला अपघातात. 'फकिरा' मला फार आवडते, तरी एकेकट्याच्या कामात ती सभेची ताकद नाही, असे माझे मत. रागवणाऱ्यांनी खुशाल रागवावे.

गवाणकरांचे नाव मात्र आमच्या कट्ट्यावर तासभराच्या वादात एकदाही निघाले नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वडीलधाऱ्यांनी त्यांना ऐकलेले असेल, तर ती आठवण लिहून काढा. मला नक्की कळवा.