क्रमांक आधी, नाव मागाहून

ज्या पिढीने ट्रंक कॉल लावले, तिला आजच्या धाग्याचा विषय फारसा समजावून सांगावा लागणार नाही. रत्नागिरीहून मुंबईला बोलायचे तर आधी नंबर नोंदवावा, बाकावर बसावे आणि आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहावी. दोन शहरांमधल्या तारा मोजक्या, बोलणारे असंख्य. जी तार मोकळी होईल ती रांगेतल्या पुढच्या माणसाला. मोजक्या तारांवर किती माणसांची सोय लागू शकते, याचे गणित ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने मांडले. पुढे तीच युक्ती बिनतारी संदेशवहनाला लावली गेली आणि ‘ट्रंक्ड रेडिओ’ जन्माला आला.

जुन्या पद्धतीत प्रत्येक खात्याला स्वतःची लहरी दिलेली असे. अग्निशमन दल एका लहरीवर, पोलीस दुसऱ्या, नगरपालिका तिसऱ्या. स्कॅनर, म्हणजे लहरींमागून लहरी चाचपत जाणारा ग्राहक रेडिओ (कागदाची नक्कल काढणारे यंत्र नव्हे), एका जागी थांबला की कोण बोलते आहे ते आपोआप समजे. ट्रंक्ड पद्धतीत हा आधारच नाहीसा झाला. तेथे एक नियंत्रक वाहिनी एक्स्चेंजमधल्या बाईंचे काम अखंड करीत असते. कोणी बोलण्याचे बटण दाबले की ती क्षणार्धात एखादी मोकळी वाहिनी नेमून देते. पुढचे वाक्य दुसऱ्याच वाहिनीवर उमटू शकते. ऐकणाऱ्याच्या हाती उरतात दोन आकडे: बोलणाऱ्या गटाचा एक आणि हातातल्या संचाचा एक. नाव कोठेच नाही.

मग परदेशातल्या हौशी श्रोत्यांनी वही उघडली. अमुक क्रमांकाचा गट पहाटे सहाला जागा होतो, दुपारी दोनला त्यावर एकदम गर्दी होते: पाळी बदलत असावी. अमुक संच कधी कोणाला विचारत नाही, सगळे त्यालाच विचारतात: तो नियंत्रण कक्ष. एका आवाजामागे सतत इंजिनाची घरघर, दुसऱ्यामागे विमानांची उड्डाणे. एखाद्याच्या तोंडी ‘रुग्ण’ हा शब्द येतो, दुसऱ्याच्या तोंडी ‘प्रवासी’. शहरात कोठे आग लागली की त्या घटकेला कोणते क्रमांक हलले ते टिपून ठेवायचे. असे महिनोन्‌महिने गेल्यावर एका आकड्यापुढे पेन्सिलीने नाव लिहिता येते, आणि तेही प्रश्नचिन्हासह. मला या छंदातला सर्वांत प्रामाणिक भाग ते प्रश्नचिन्हच वाटते.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना असे यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला होता. हौशी रेडिओचा परवाना मिळतो, पण तो हौशी मंडळींनी आपसांत बोलण्यापुरता. पोलिसांचे कान होण्यासाठी नव्हे. तेव्हा रत्नागिरीत बसून मी या धाग्यात कोणत्याही खात्याचे क्रमांक देईन, अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. मला कुतूहल आहे ते या विद्येच्या इतिहासाचे, कारण तिचा एक मोठा प्रयोग आपल्याच माणसांवर, आपल्याच मुंबईत झाला.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. नेते पकडले गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. त्याच महिन्यात मुंबईच्या हवेत एक अनोळखी स्थानक बोलू लागले. आपण काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, भारतात कोठेतरी आहोत, एवढीच ओळख ते देई. बोलणारी मुलगी २२ वर्षांची होती: उषा मेहता. सोबत विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर. मार्गदर्शनाला राममनोहर लोहिया. यंत्रसामग्रीसाठी शिकागो रेडिओचे नानक मोटवानी. सरकारी नभोवाणी जे सांगत नव्हती ते हे स्थानक सांगे. चिमूरच्या अत्याचारांची बातमी या लहरींवरून गेली.

४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. रेडिओच्या तबकडीवरची ती जागा आज हौशी चालकांच्या ४० मीटर पट्ट्यात येते. त्या पट्ट्यावर रात्री काटा फिरवताना मी अनेकदा तेथे थांबलो आहे. खरखर असते, कधी दूरच्या कोणाची मोर्स असते. आपण कोठे आहोत, हे त्या माणसांना जपून लपवावे लागत नाही. उलट ती आपले संकेतनाम पुनःपुन्हा उच्चारतात.

काँग्रेस रेडिओला मात्र ठिकाण जपण्यावाचून गत्यंतर नव्हते. पोलिसांची दिशाशोधक गाडी शहरात फिरे. फिरती एरिअल आवाजाची जी दिशा दाखवील, त्या दिशेने नकाशावर एक रेघ. दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ. जेथे छेदतील तेथे आसपास प्रक्षेपक. या रेघांना चकवण्यासाठी स्थानकाचे बिऱ्हाड इमारतीमागून इमारत बदलत राहिले. दुसरीकडे पोलीस कार्यक्रम ऐकून ते शब्दशः उतरवून घेत होते. कोण बोलते, कोणत्या भाषेत, काय सांगते, याचा छडा लावायला ही टिपणे हवी होती. आज या स्थानकावरून काय बोलले गेले हे आपण वाचू शकतो, ते बऱ्याच अंशी त्या टिपणांमुळेच. उषा ठक्कर यांचे या स्थानकावरचे २०२१ मधले पुस्तकही त्या सरकारी दप्तराच्या आधाराने उभे आहे. शिकाऱ्याच्या वहीने सावजाचा आवाज जपावा, हा योग इतिहासात विरळा नाही, पण इतका लख्ख क्वचित दिसतो.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात पोलीस दारापर्यंत पोहोचले. रेघांनी परीघ आवळत आणला असेल. परंतु दार दाखवले ते माणसाने. आपल्याच एका तंत्रज्ञाने फितुरी केली, असे उषाबेनांनी पुढे सांगितले. खटला चालला. बाबूभाईंना ५ वर्षे, उषाबेनांना ४ वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना १ वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले.

यंत्र फार तर संचापर्यंत नेते. संच कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न उरतोच. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे २००८ च्या नोव्हेंबरात फार क्रूरपणे कळले. ‘कुबेर’ ही पोरबंदरची नोंदणीकृत मासेमारी नौका. नाव खरे, कागद खरे. फक्त आत बसलेली माणसे तिची नव्हती. तिचा तांडेल अमरसिंह सोळंकी मारला गेला होता. पुढच्या तीन दिवसांत मुंबईतल्या हल्लेखोरांशी सीमेपलीकडून बोलणारे आवाज आपल्या यंत्रणांनी ऐकले, ध्वनिमुद्रित केले. इंटरनेटवरून फिरवलेल्या त्या क्रमांकांतून माणूस कळत नव्हता. मात्र एका आवाजाच्या तोंडी ‘प्रशासन’ हा शब्द आला. सीमेपलीकडचा उर्दूभाषक हा शब्द सहसा वापरणार नाही. म्हणून बोलणारा भारतातला असावा, असा संशय बळावला. त्या आवाजाशी तपास यंत्रणांनी ज्याचे नाव जोडले, तो झबिउद्दीन अन्सारी बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. २०१२ मध्ये त्याला सौदी अरेबियातून भारतात आणले गेले. पेन्सिलवाल्या हौशी श्रोत्याची आणि या तपासाची रीत मुळात एकच आहे: आकड्यावर विसंबू नका, शब्द ऐका.

त्यानंतर आमच्या किनाऱ्यावर ओळखीची व्यवस्था वाढत गेली. नौकांना एकसारखे नोंदणी क्रमांक, राज्यागणिक रंग, खलाशांना ओळखपत्रे, मोठ्या नौकांवर एआयएस. हे एआयएस म्हणजे समुद्रावरचे उघडे स्कॅनिंगच: प्रत्येक जहाज व्हीएचएफवर आपला नऊ आकडी क्रमांक आणि जागा स्वतःहून पुकारत जाते. भारतीय जहाजाचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. जयगडकडे येणारे एखादे जहाज क्षितिजावर दिसण्याआधी माझ्या संगणकावरच्या नकाशावर उगवते, तेव्हा काही मिनिटे ते निव्वळ क्रमांक असते. जागा दर काही सेकंदांनी प्रक्षेपित होते, नाव मात्र दर सहा मिनिटांनी. तेवढा वेळ ते कोण, कोठले, हा तर्क करण्याची मला सवय जडली आहे.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर या कौतुकाला फारसे गिऱ्हाईक नाही. तेथला जुना तांडेल व्हीएचएफवरच्या पहिल्या हाकेवरून नौका सांगतो. आवाज, गाव, शिवी देण्याची लकब, सगळे त्याच्या कानात मुरलेले असते. त्याची तक्रार वेगळी आहे. परराज्यांतले वेगवान ट्रॉलर रात्री आत घुसून मासळी ओढून नेतात, आणि त्यांची ओळख पटवायची वेळ आली की हवेत शांतता असते. ज्याला लपायचे आहे तो यंत्र बंद करतो. नेमाने क्रमांक पुकारणारा मात्र सर्वांना दिसत राहतो, अगदी त्याची मासळीची जागा हेरणाऱ्यालाही. म्हणून सरकारी ट्रान्सपॉन्डरविषयी साधा मच्छीमार साशंक असेल, तर त्याला अडाणी म्हणण्याची घाई मी करणार नाही.

तरीही ओखी वादळाचे दिवस आठवले की या वादाला दुसरी बाजू दिसते. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस दक्षिणेत उठलेल्या त्या वादळात केरळ-तमिळनाडूच्या नौका भरकटल्या. व्हीएचएफचा पल्ला काही मैलांचा; किनाऱ्याला त्यांचा आवाज पोहोचेना, आणि घरी त्या बेपत्ता ठरल्या. २ डिसेंबरला त्यांपैकी ६८ नौका सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला असल्याचे राज्य सरकारने जाहीर केले: ६६ केरळच्या, २ तमिळनाडूच्या, माणसे ९५२. मल्याळम आणि तमिळ बोलणारी ती माणसे मराठी बंदरात उतरली होती, आणि गावाकडे जे कळवायचे होते त्यात क्रमांकांना काही अर्थ नव्हता. हवी होती ती नावे.