बेचाळीस वेळा फुस्स

मालवण-तारकर्लीला दोनशे बार दाबाची हवा मिळते असे सांगितले, तर होस्टेलवरची घाटावरची मुले हसतात. अहो, खरंच मिळते! पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या स्कूबावाल्यांकडे टाक्यांची रांगच्या रांग उभी असते. अट एवढीच, की समुद्र चालू पाहिजे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की कॉम्प्रेसरवरही ताडपत्री पडते. आणि माझ्या धाकट्या बहिणीची स्पर्धा नेमकी ऑगस्टअखेर!

ती १० मीटर एअर रायफल मारते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण मिळवले, २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला जगज्जेता झाला, तोच हा प्रकार. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटर जागा आमच्या मांगरात आहे. नव्हती ती हवा. रायफलीच्या नळीखाली जेमतेम ०.२ लिटरची बाटली असते, ती २०० बारपर्यंत भरावी लागते. सायकलच्या पंपाने हे काम होत नाही.

मामाच्या तारकर्लीला स्कूबाच्या टाक्या आहेत. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो. त्याने कोपऱ्यातली एक जुनी टाकी काढून दिली, फुकट. मी खांद्यावरचे ठोकलेले आकडे पाहिले, तर दाब-चाचणीची मुदत कधीच उलटून गेलेली.

"ही मी पर्यटकांका देत नाय, पण तुमच्या बंदुकीक चलतली. काय एक होवचा नाय!"

"मामा, पर्यटकाला नको ती भाचीला कशी चालेल?"

मामाचा चेहरा उतरला. फुकट दिलेल्या वस्तूत खोड काढली, तीही कालच्या पोराने. पण इथे मला गप्प बसणे शक्य नव्हते. १२ लिटरच्या टाकीत २०० बारने हवा कोंबली, की आत सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा बसते. म्हणजे एक टनाचे वजन शंभर मीटर उंच नेण्याइतकी. म्हणूनच टाकीची चाचणी हवेने करत नाहीत, पाण्याने करतात. पाणी फारसे दाबले जात नाही, टाकी फुटलीच तरी स्फोट होत नाही. दाब काढल्यावर टाकी पूर्वीच्या मापाला परत येते की फुगलेलीच राहते, ते मोजतात. सिलिंडरचे हे सगळे नियम बघणारे केंद्रीय कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही लिहिले आहे, की रायफलीच्या बाटलीची मुदत पाहणे ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी.

दोन दिवस मामा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चालू मुदतीची टाकी जीपमध्ये दोरीने बांधून स्वतः घेऊन आला. वर म्हणाला, "फिल्टर पण बदललंय, नायतर त्याचाही लेक्चर देशीत." फिल्टरचे महत्त्व त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. आमच्या दमट हवेतून टाकीभर म्हणजे २४०० लिटर हवा ओढली, तर तिच्याबरोबर साठेक ग्रॅम पाणी येते. ते वाटेत अडवले नाही, तर रायफलीच्या आत गंज.

मग नळी. स्कूबाच्या व्हॉल्व्हवर शिकंजा आवळून बसतो, रायफलीची बाटली आट्यांवर फिरते. मध्ये बारीक नळी, गेज आणि दाब सोडायचा स्क्रू. जोडाला तेल-ग्रीसचे बोट लावायचे नाही, या दाबाला तेल पेट घेऊ शकते. ऑक्सिजन तर चुकूनही भरायचा नाही. टाकीचा व्हॉल्व्ह केसभर उघडायचा. घाईत भरले तर बाटली तापते, गेज खोटे बोलते आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात जे कळले नव्हते, ते तळहाताला लगेच कळले. शेवटी व्हॉल्व्ह बंद, नळीतली हवा 'फुस्स', आणि मगच बाटली सोडवायची.

प्रश्न होता तो टाकी पुरेल का याचा. बाटली १०० बारवर आली की पुन्हा भरायची असे धरले. बॉईलचा नियम लावला, तर पहिल्या खेपेला टाकी २०० वरून १९८.४ वर येते. असे करत १५० बारपर्यंत उतरायला बेचाळीस खेपा. रोज शंभरेक छर्रे म्हणजे दिवसाआड एक खेप, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. १ जूनपासून २३ ऑगस्ट! बहिणीने वहीत रकाने आखले.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी एकतिसावी नोंद झाली. माझ्या हिशोबाने १६० हवे होते, गेजवर १५५. तिने फोनवरच झाडले, "दादा, तुझं इंजिनिअरिंग गळतंय वाटतं." साबणाचे पाणी लावायला सांगितले, एक बुडबुडा नाही. मग उलगडले. प्रत्येक 'फुस्स'ला थोडी हवा जाते, ती एक. दुसरे म्हणजे टाकी भरली मेच्या उकाड्यात आणि आता पावसाने गारवा धरलेला. पाच-सहा अंशांत तीनेक बार सहज उतरतात.

१५० च्या खालीही रायफल चालतेच, फक्त बाटली लवकर रिकामी होते. बहिणीने तिच्यापुरता तोडगा काढलाय, एक दिवस छर्रे आणि एक दिवस कोरडा सराव, नुसता नेम आणि घोडा. मामा दर रविवारी येतो, गेज बघतो आणि वहीत स्वतःच्या अक्षरात आकडा लिहून जातो.