एक तारा

माझा दादा दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघतो आणि रात्री गेम बनवतो. दोन वर्षं खपून त्याने केलेल्या गेममध्ये तुम्ही 1994 सालच्या लाल बसचे कंडक्टर असता. गर्दीतून वाट काढत तिकिटं द्यायची, सुट्टे पैसे परत करायचे, घाटात कुणाला मळमळलं तर खिडकीची जागा मिळवून द्यायची. बस्स, एवढंच. कोडिंग त्याचं, चित्रं वहिनीची, प्रवाशांचे आवाज आम्हा सगळ्यांचे. आठ महिन्यांत 31 रिव्ह्यू आले, सरासरी 4.6.

मग कुणीतरी बसच्या पाटीचा स्क्रीनशॉट फिरवला. पाटीवर एका शहराचं जुनं नाव होतं, 1994 मध्ये असायचं तेच. कुठलं शहर ते लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल. दोन दिवसांत 212 जणांनी एकेक तारा दिला. सरासरी आली दीडवर. हेच 212 जण लाखभर रिव्ह्यूवाल्या गेमवर तुटून पडले असते, तर तिथला 4.6 हा आकडा जागचा हलला नसता.

खेळून, वैतागून दिलेला एक तारा हा ग्राहकाचा हक्क आहेच. पण यातल्या बहुतेकांनी बस स्टँडबाहेरसुद्धा काढली नव्हती. (2017 मध्ये स्नॅपचॅटवर चिडलेल्या काही भारतीयांनी बिचाऱ्या स्नॅपडीललाही एक तारा दिला होता. राग आला की आपण नावही नीट वाचत नाही.)

त्याच वर्षी अमेरिकेत ‘फायरवॉच’चं झालं. जंगलातल्या वणव्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाचा हा शांत गेम, कॅम्पो सँटो नावाच्या छोट्या स्टुडिओचा. प्यूडीपाय हा यूट्यूबर लाइव्ह खेळताना वर्णद्वेषी शिवी बोलला, म्हणून स्टुडिओने त्याचे आपल्या गेमचे व्हिडिओ काढायला लावले. लगेच स्टीमवर ‘फायरवॉच’ला वाईट रिव्ह्यूंचा पूर आला. गेममधलं एक झाडही बदललं नव्हतं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने त्याच महिन्यात रिव्ह्यूंचा आलेख दाखवायला सुरुवात केली, म्हणजे अचानक आलेला उंचवटा दिसावा. मार्च 2019 पासून विषय सोडून आलेली अशी लाट गुणांकनात धरायची नाही, असं ठरलं. रिव्ह्यू राहतात, फक्त मोजले जात नाहीत. मला हा तोडगा बराच बरा वाटतो.

पण तो आकड्यांवरचा तोडगा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘उब्लेट्स’ बनवणाऱ्या दोघांनी, हो, दोघांचाच स्टुडिओ, आपला गेम कॉम्प्युटरवर आधी एपिकच्या दुकानात येईल असं जाहीर केलं. त्यावर त्यांना धमक्यांचे हजारो मेसेज आले. गेम तेव्हा बाजारात आलेलाही नव्हता. तारेच नाहीत, तर मोजायचं काय आणि वगळायचं काय?

दादाच्या इनबॉक्सचंही तसंच होतं. मोठ्या कंपनीत असलं वाचायला पगारी माणसं असतात. इथे ज्याने कोड लिहिला तोच रात्री अकरा वाजता अंथरुणात आईवरच्या शिव्या वाचत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “गेम काढूनच टाकतो.” वहिनीने फोन काढून घेतला आणि मला दिला. “ताई, तू वाच आधी. कामाचं असेल तेवढंच त्याला सांग.”

तेव्हापासून सकाळी चहाबरोबर हे माझं काम. धमकी असली की स्क्रीनशॉट काढून तारखेसकट फोल्डरमध्ये, शिवी असली की रिपोर्ट. उत्तर कुणालाच नाही. दादाचे मित्र पाच-पाच तारे टाकायला निघाले होते, त्यांना थांबवलं. तेही खोटेच दिसले असते. खरंच खेळला असाल तर दोन ओळी लिहा, एवढंच सांगितलं. नऊ जणांनी लिहिलं. स्टोअरने महिन्याभराने 140 रिव्ह्यू काढले, बाकीचे अजून आहेत. पाटी दादाने बदलली नाही.

त्या ढिगातून मी त्याच्यापर्यंत चार गोष्टी पोचवल्या. दोन ठिकाणी सुट्ट्यांचा हिशेब चुकत होता. एका मुलीला अक्षरं बारीक वाटत होती. आणि एका निवृत्त कंडक्टरकाकांनी तीन तारे देऊन लिहिलं होतं की तिकीट पंच करायच्या चिमट्याचा आवाज असा नसतो. दादाने त्यांना फोन केला. काकांनी जुना चिमटा अजून जपून ठेवलाय. रविवारी आम्ही रेकॉर्डिंगला जातोय.