परिपत्रकातली बंदी

रायपूर परिसरात पुस्तकबंदीची दोन ठळक प्रकरणे घडली. दोन्हींत फटका बसला तो शाळकरी वाचकाला.

पहिले कवी गजानन माधव मुक्तिबोधांचे. घर मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिले. 1958 पासून ते रायपूरहून सत्तरेक किलोमीटरवरच्या राजनांदगावात, तळ्याकाठच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत. कायमच्या ओढगस्तीत त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले. त्याविरुद्ध आंदोलन उठले आणि सप्टेंबर 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. छत्तीसगड तेव्हा त्याच राज्यात होते. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले, आक्षेपार्ह ठरलेले उतारे गाळून पुस्तक छापण्याची मुभा मिळाली. पण लेखक आतून खचला होता. 11 सप्टेंबर 1964 रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मुक्तिबोध गेले. पहिला कवितासंग्रह छापून आलेला त्यांना पाहता आला नाही.

दुसरे प्रकरण 2009 चे. रायपुरात जन्मलेले नाटककार हबीब तन्वीर त्या वर्षी 8 जूनला वारले. त्यानंतर दोनेक महिन्यांतच छत्तीसगड सरकारने शाळांच्या वाचन सप्ताहातून त्यांचे ‘चरणदास चोर’ हे नाटक वगळले. खोटे बोलणार नाही असा शब्द गुरूला देऊन बसलेला नाटकातला चोर शब्दापायी जीव गमावतो. ‘नाचा’ या लोकनाट्याचे कलावंत आणि छत्तीसगढी बोली घेऊन उभे राहिलेले हे नाटक 1982 मध्ये एडिंबरा महोत्सवात गौरवले गेले होते. आक्षेप छत्तीसगडमधल्या सतनामी या दलित समाजाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना सोसलेल्या समाजाचे दुखणे खोटे म्हणून झटकता येत नाही. म्हणूनच ते नाटक वर्गात वाचून, त्या समाजातल्या जाणत्यांना बोलावून त्यावर मोकळेपणी बोलायला हवे होते. पुस्तक बाजूला सारल्याने दुखणेही तसेच राहिले आणि नाटकही मुलांपर्यंत पोचले नाही.

पुस्तक जप्त करायचे तर कायद्याने सरकारला राजपत्रात कारण द्यावे लागते, आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते. महाराष्ट्रात जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे हेच झाले. जानेवारी 2004 मध्ये या पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संशोधन संस्थेवर हल्ला झाला, सरकारने पुस्तकावर बंदी आणली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पुस्तक कोणाला पटो वा न पटो, सरकारची कारणे उघड्यावर तपासली गेली.

शिक्षण खात्याच्या परिपत्रकाला ही कसोटी सहसा लागत नाही. यादीतले एक नाव गळते, मुख्याध्यापक प्रत कपाटात ठेवतात. ग्रंथालयात तर पुढच्या खरेदीत ते शीर्षक न घेतले तरी भागते. दाद मागायची झाली तर मागणार कोण? प्रकाशकाला जप्तीची नोटीस आलेली नसते, आणि सातवीतल्या मुलाला असे पुस्तक होते हेच ठाऊक नसते.