तुझी वही पाहिली

सांगली, रविवार

चि. सोनूस,


फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतेस आणि विषय मेसच्या आमटीवर नेतेस, म्हणून लिहायला बसले. तू पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो मोठे करून पाहिले. जुलैत 80 किलोच्या स्क्वॉटपुढे लिहिलंयस, ‘5×5, मस्त’. सप्टेंबरअखेरीला तेच 80, तिसऱ्या सेटला तीनच रेप आणि पुढे नुसतं ‘जड’. त्याखाली वेगळ्या पेनाने, बहुधा रात्री उशिरा: ‘उद्यापासून ॲक्सेसरी वाढवायची’. मधल्या पानांवर सुट्टीचा वार शोधत होते. रविवारीसुद्धा ‘हलकं बेंच’ आहेच!

आकडा घसरला की तुला वाटतं आपण आळशी झालो, आणि तू काम वाढवतेस. चिपाडं पुन्हा चरकात घातली म्हणून रस निघत नाही, हे सांगलीच्या पोरीला मी काय सांगायचं?

घाबरू मात्र नकोस. जिममध्ये ज्याला त्याला ‘ओव्हरट्रेनिंग’ झालेलं असतं. खरं ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम वजनं उचलणाऱ्यांत फार क्वचित सापडतं. 2013 साली युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडाविज्ञानाच्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून यावर निवेदन काढलं. थकव्याच्या पायऱ्या त्यांनी मुख्यतः सावरायला किती वेळ लागतो त्यावरून लावल्या. थोड्या दिवसांच्या विश्रांतीनंतर माणूस पहिल्यापेक्षा वर गेला, तर तो उपयोगी ताण; चांगले कोच तो मुद्दाम देतात. सावरायला आठवडे किंवा महिने लागले तर नुकसानीचा. त्याहूनही लांबलं आणि आजार, आहार, दुसरं काहीच कारण निघालं नाही, तरच सिंड्रोम म्हणायचं. त्यामुळे आज तुझ्याकडे बघून तू कुठल्या पायरीवर आहेस हे कुणीच सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. रक्ताची अशी एखादी तपासणी नाही की रिपोर्ट आला आणि निकाल लागला. विश्रांती घेऊन बघायचं, हीच तपासणी.

तुझा तो मित्र बल्गेरियन पद्धतीचे गोडवे गातो ना? बल्गेरियाचे वेटलिफ्टिंग कोच इव्हान अबाजिएव्ह यांची पोरं रोज जवळजवळ कमाल वजन उचलायची आणि जग जिंकायची, हे खरंच आहे. पण 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाच्या दोघांची सुवर्णपदकं डोपिंगमुळे काढून घेतली गेली आणि उरलेला संघ स्पर्धा अर्धवट सोडून घरी गेला, हेही त्याला माहीत असू दे. शिवाय त्या पोरांना दुसरा उद्योग नव्हता. सबमिशन, व्हायवा, रात्री दोनपर्यंत जागरण आणि वर रोज कमाल वजन, असलं काही अबाजिएव्हनेही कुणाला सांगितलं नसेल.

रोज कमाल वजन उचललं तर काय होतं, हे 1994 मध्ये संशोधक अँड्र्यू फ्राय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम करून पाहिलं. व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांना स्क्वॉटच्या मशीनवर आपापल्या कमाल वजनाचे दहा एकेरी रेप, रोज, दोन आठवडे. बहुतेकांची ताकद घटली. एवढं टोकाचं तू काही करत नाहीस. म्हणून तर मला व्यायामापेक्षा दिवसाच्या बाकीच्या तासांचा संशय जास्त येतो.

वहिनी म्हणाली, तू भात सोडलायस. संध्याकाळी पोळीही एकच. का, तर डिसेंबरच्या स्पर्धेत 57 किलोच्या गटात बसायचंय. अगं, वजन काट्यावर 60, आठवड्यातून सहा दिवस बार खांद्यावर, आणि जेवण आजारी माणसाचं! पोटात पुरेसं जात नसलं की शरीर आधी काटकसर करतं ती पाळीत, झोपेत, हाडांत आणि मनःस्थितीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. लक्षणं अतिव्यायामासारखीच असतात, इतकी की भल्याभल्यांची गल्लत होते. म्हणून स्पष्ट विचारते, आणि उत्तर मला एकटीला दे: पाळी वेळेवर येते का? तीन महिने चुकली असेल तर वाट बघत बसू नकोस, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. ‘जास्त व्यायाम करणाऱ्या मुलींचं असंच असतं’ म्हणणाऱ्या बायका जिममध्ये भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

त्या घड्याळातले सकाळच्या नाडीचे आकडे मला पाठवायचे थांबव. ते एका चहाने आणि एका भांडणानेही हलतात. त्यापेक्षा वहीत रोज तीन गोष्टी लिही: झोप कशी लागली, जिमला जावंसं वाटलं का, आणि दिवसभरात कुणावर विनाकारण खेकसलीस का. हसू नकोस. खेळाडू दमत चालला की आधी बिघडतो तो त्याचा मूड, हे अभ्यासांतूनही वारंवार दिसलंय.

आता काय करायचं ते. येता आठवडा बारला हात लावायचा नाही. चाल, पोहायचं तर पोह, झोप. प्री-वर्कआउटचा डबा रूममेटकडे देऊन टाक. दमलेल्या अंगाला कॅफिनने हाकायचं कशाला? भात दोन्ही वेळा, वर वरण-तूप, आणि अंडी खातेसच. ताकद जाईल ही भीती काढून टाक, दोन-तीन आठवड्यांत ती फारशी कुठे जात नाही. दुसऱ्या आठवड्यात सेट निम्मे कर. आणखी तीन-चार रेप निघतील असं वाटत असतानाच रॅकवर बार ठेवायचा. हे तुला सगळ्यात जड जाणार, मला ठाऊक आहे. तिसऱ्या आठवड्यात 80 पुन्हा उचलून बघ आणि मला कळव.

तेव्हाही जडच वाटलं तर डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-12 आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्यायचं. या वयाच्या मुलींत लोह कमी निघणं अगदी नेहमीचं. आणि व्यायामानंतर कधी लघवी कोलासारखी गडद झाली, स्नायू सुजून कडक झाले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. त्यात तिसऱ्या आठवड्याची वाट बघायची नाही.

राहिला डिसेंबरच्या स्पर्धेचा प्रश्न. दादाशी बोलले. तो म्हणतो यंदा नकोच. मला तसं वाटत नाही. मुदत असेपर्यंत थांब. 80 ने साथ दिली तर फॉर्म भर, पण 63 च्या गटाचा. तिथे तुझ्यापेक्षा दणकट पोरी असतील, नंबर येणार नाही कदाचित. चालेल. कोचने कुरकुर केली तर माझा नंबर दे त्यांना.

तुझी,
आत्या