बोंडले

विचुंब्यात आमच्या भाचीला मुलगी झाली. हनुवटी अगदी आखूड, टाळू दुभंगलेली. तिला दूध ओढताच येईना. पाजलेले नाकावाटे परते. उताणी निजवली की जीभ मागे पडून श्वास अडे. १९२३ साली पिएर रोबँ या फ्रेंच वैद्याने वर्णिलेले हे व्यंग. डॉक्टरांनी देखरेखीखाली पालथे निजवले. जीभ आपल्याच भाराने पुढे आली. घरात मात्र भाचीने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, हीच चर्चा! शब्दांवर पोट भरणारे आम्ही दोघे तेव्हा गप्प राहिलो, हे नमूद करायलाच हवे.

‘घरी बोंडलं आहे का?’ परिचारिकेने विचारले. वर्गात तो शब्द आम्ही लुप्त म्हणून सांगत आलो होतो. आजीच्या पेटीत ते निघाले. उकळून घेतले. बाळाला उभे धरून भाचीने एक थेंब सोडला. मग, बऱ्याच वेळाने, दुसरा.