बॅटरीचे पाणी

आमच्या संग्रामपुरात बोअरचे पाणी कसे असते, हे इकडच्यांना सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. चहा त्या पाण्याचा असला की पाहुण्याला पहिल्याच घोटात कळते. तरी तेच पाणी आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतत राहिलो. डिस्टिल्ड वॉटर आणायचे राहून जायचे. पाणी ते पाणी, असे वाटायचे.

रमजानमध्ये ऐन सहरीच्या आधी वीज गेली आणि वीस मिनिटांत अब्बांचे ऑक्सिजनचे मशीन ओरडू लागले. घरात सिलिंडर भरलेला होता, अल्हम्दुलिल्लाह. पण तो लावताना अम्मीचे हात कापत होते.

सकाळी मिस्त्रीने झाकणे उघडली. आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब. त्यातले पाणी उडून जाते, क्षार मात्र आतच राहतात. दर वेळी आम्ही नवे क्षार घालत होतो. पट्ट्या खराब झाल्या होत्या.

मग त्याने हिशेब मांडला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास, म्हणजे १८०० वॅट-तास. मशीन ३५० वॅटचे. कागदावर पाच तास. पण बॅटरी तळापर्यंत उपसली की लवकर मरते, म्हणून निम्मीच धरायची. थोडी इन्व्हर्टर स्वतः खातो. उरले जेमतेम सव्वादोन तास, तेही बॅटरी नवी असताना. आणि आम्ही त्याच लाइनवर कूलर, टीव्ही चालवत होतो!

नवी बॅटरी आली. कूलरची लाइन वेगळी केली. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आता सिलिंडरशेजारीच असतो. तो पाहून अब्बा म्हणाले, "चला, बॅटरीला तरी गोड पाणी मिळालं."